हृदयात दोष, पायात जोश!

मुंबईच्या क्लबचा बचावपटू, न्यायालयात पोहोचलेला ईसीजी, डेन्व्हरच्या हवेत बिघडलेलं रक्त आणि नंदुरबारशी त्याचं नातं. आजार अंगावर घेऊन खेळलेल्या फुटबॉलपटूंचे चटपटीत किस्से.

फुटबॉलपटू म्हटला की डोळ्यांपुढे दणकट गडी उभा राहतो: नव्वद मिनिटं पळणारा, पडला तरी उठणारा, सर्दी-पडशाला भीक न घालणारा. प्रत्यक्षात जगातल्या नामवंत खेळाडूंच्या वैद्यकीय फाइली चाळल्या तर कुणाच्या हृदयाची भिंत जाड निघते, कुणाच्या पोटात भावाच्या यकृताचा तुकडा असतो, कुणाला रोज इन्सुलिन टोचावं लागतं. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात शाळेच्या मैदानावर चेंडूमागे धावणाऱ्या पोरांना आणि ‘पोऱ्या पळतो, म्हणजे ठणठणीत आहे’ असं धरून चालणाऱ्या घरच्यांना हे किस्से कामाला येतील. सुरुवात आपल्याच देशातल्या एका पठ्ठ्यापासून.

१. दहा जणांनी अर्जेंटिनाला लोळवलं

ऑगस्ट २०१८. स्पेनमधल्या कोटिफ चषकात भारताचा २० वर्षांखालील संघ अर्जेंटिनापुढे उभा ठाकला. दुसऱ्या डावात कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळालं आणि भारताकडे उरले दहा जण. तरी ६८व्या मिनिटाला अन्वर अली नावाच्या बचावपटूने फ्री किक थेट जाळ्यात धाडली आणि भारत २-१ ने जिंकला! त्या अर्जेंटिनाचे प्रशिक्षक होते लिओनेल स्कालोनी. होय, पुढे २०२२ मध्ये मेस्सीच्या संघाला विश्वचषक जिंकून देणारे तेच. पंजाबातल्या आदमपूरचा हा अन्वर त्याआधी २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातही भारताकडून खेळला होता. मुंबई सिटी एफसीने त्याला करारबद्ध केलं. सगळं कसं छान चाललं होतं.

२. करार मुंबईचा, निदान फ्रान्सचं

२०१९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास, तपासणीत अन्वरच्या हृदयात गडबड दिसली. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या तज्ज्ञांकडे पुढच्या चाचण्या झाल्या आणि नाव कळलं: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. म्हणजे हृदयाचा स्नायू कारण नसताना जाड होणं. अन्वरच्या बाबतीत हा जाडपणा हृदयाच्या टोकाशी होता. निरोगी माणसाच्या हृदयाची भिंत साधारण १२ मिलिमीटरपर्यंत असते. १५ च्या पुढे गेली की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात. खरी पंचाईत १३ आणि १४ ची. वर्षानुवर्षं कसून सराव करणाऱ्यांचं निरोगी हृदयसुद्धा तेवढं जाड होऊ शकतं. मग हा आजार की मेहनतीची कमाई, हे ठरवताना भल्याभल्यांचा कस लागतो.

३. पाचशेत एक

हा विकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. साधारण ५०० माणसांमागे एकाला असतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पुष्कळांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. काहींना मात्र पहिली खूण मिळते ती थेट मैदानात कोसळून. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून घरात कुणी तरुणपणी ‘एकाएकी गेला’ असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायचीच. एरवी आपल्याकडे ती तेराव्यानंतर विषयातूनच जाते.

४. ईसीजी निघाला कोर्टात

मुंबई सिटीचं दार बंद झाल्यावर अन्वर कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगकडे गेला. सप्टेंबर २०२० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला कळवलं: याला सरावाला उतरवू नका. महासंघाच्या वैद्यकीय समितीचे प्रमुख होते डॉ. वेस पेस. गोव्यात जन्मलेले, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य जिंकलेले, लिअँडर पेसचे वडील. खेळाडूचं काळीज आणि डॉक्टरचं डोकं, दोन्ही एकाच माणसात. तरी पेच सुटेना. एका बाजूला खेळताना जीव जाण्याची भीती, दुसऱ्या बाजूला ‘माझ्या पोटापाण्याचं काय?’ हा सवाल. अन्वरने दिल्ली उच्च न्यायालय गाठलं. विसाव्या वर्षी पोरं गोलांचा हिशेब मांडतात. हा तारखांचा मांडत होता.

५. गोव्याने दार उघडलं

अखेर २०२१ मध्ये तो दिल्ली एफसीकडून मैदानात परतला. जानेवारी २०२२ मध्ये एफसी गोवाने त्याला घेतलं. तो करोनाचा हंगाम. अख्खी इंडियन सुपर लीग गोव्यातच बंदिस्त वातावरणात चालली होती. जो मुंबईत थांबला होता, तो चारशे-पाचशे किलोमीटर दक्षिणेला पुन्हा सुरू झाला. २३ मार्च २०२२ ला बहरीनविरुद्ध त्याने भारताच्या वरिष्ठ संघाची जर्सी चढवली.

६. दुसऱ्याच मिनिटाला उत्तर

१४ जून २०२२, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. आशिया चषकाची पात्रता फेरी, समोर हाँगकाँग. प्रेक्षक अजून खुर्च्या शोधत होते तोच, दुसऱ्या मिनिटाला, अन्वरचा गोल! भारताकडून त्याचा हा पहिला. सामना ४-० ने खिशात.

७. नको नको म्हणत होते, तेच भांडू लागले

२०२० मध्ये ज्याला उतरवायला मनाई होती, त्याच्यासाठी २०२४ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या सख्ख्या वैऱ्यांत जुंपली. बागान सोडून तो ईस्ट बंगालला गेला, तेव्हा महासंघाच्या समितीने भरपाई ठरवली १२.९० कोटी रुपये आणि वर चार महिन्यांची बंदी. प्रकरण पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयात! फरक एवढाच, की पहिल्या खेपेला वाद होता हा खेळू शकतो का, आणि दुसऱ्या खेपेला हा नेमका कुणाचा. बाजारभाव वाढणं म्हणतात ते हेच.

८. एकच छाती, दोन कायदे

१२ जून २०२१. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन युरो स्पर्धेत फिनलंडविरुद्ध खेळताना पहिल्या डावाच्या अखेरीस कोसळला. हृदय थांबलं होतं. मैदानावरच उपचार झाले, तो वाचला. छातीत यंत्र बसवलं गेलं. हृदयाची लय बिघडली की ते आतूनच झटका देतं. आता गंमत बघा. इटलीत १९८२ पासून खेळाडूंच्या तपासणीचे कायदे कडक. असं यंत्र घेऊन तिथल्या लीगमध्ये खेळायला परवानगी नाही. त्यामुळे त्याच्या इटालियन क्लबशी, इंटर मिलानशी, फारकत. इंग्लंडमध्ये तशी सरसकट मनाई नाही, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ब्रेंटफर्डशी करार. माणूस तोच, यंत्र तेच, सीमा ओलांडली की निकाल वेगळा. आणि १६ जून २०२४ ला, कोसळल्यानंतर अकराशे दिवसांनी, युरो स्पर्धेतच त्याने स्लोव्हेनियावर गोल केला.

९. इटलीचा कायदा आडमुठा? आकडे बघा

इटलीच्या व्हेनेतो भागातला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीच्या तपासण्या सुरू झाल्यावर तरुण खेळाडूंचे अचानक होणारे मृत्यू तिथे ८९ टक्क्यांनी घटले होते. तपासणी काय, तर मुख्यतः कुटुंबाचा इतिहास, स्टेथोस्कोप आणि ईसीजी. तालुक्याच्या ठिकाणीही होणाऱ्या गोष्टी.

१०. बापाच्या गळ्यात गोल

नेदरलंड्सच्या डेली ब्लिंडच्या हृदयाच्या स्नायूला सूज आली होती. डिसेंबर २०१९ मध्ये त्यालाही यंत्र बसलं आणि अवघ्या दोनेक महिन्यांत गडी परत मैदानात. ३ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकात अमेरिकेवर गोल ठोकून तो धावत सुटला राखीव खेळाडूंच्या बाकाकडे. तिथे सहायक प्रशिक्षक म्हणून बसले होते डॅनी ब्लिंड, त्याचे वडील. गोल झाल्यावर बापाला मिठी मारता येणारे फुटबॉलपटू जगात किती असतील?

११. हृदय ७८ मिनिटं बंद

१७ मार्च २०१२. बोल्टनचा फॅब्रिस मुआम्बा टॉटनहॅमच्या मैदानावर पडला. त्याचं हृदय स्वतःहून चालायला ७८ मिनिटं लागली. तोवर माणसांनी हातांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं. प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ अँड्र्यू डीनर सुरक्षारक्षकांना पटवून थेट मैदानात धावले होते. मुआम्बाने फुटबॉल सोडला, पण तो आजही हिंडतो-फिरतो आहे.

१२. सुवर्णपदक गळ्यात, दोष झडपेत

नायजेरियाचा न्वांक्वो कानू १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधला सुवर्णविजेता कर्णधार. पाठोपाठ इंटर मिलानने घेतलं आणि तिथल्या तपासणीत महाधमनीच्या झडपेत दोष सापडला. अमेरिकेत शस्त्रक्रिया झाली, १९९७ मध्ये तो परतला आणि पुढे आर्सेनलचा लाडका झाला. २००० मध्ये त्याने कानू हार्ट फाउंडेशन काढलं. आफ्रिकेतल्या हृदयरोगी मुलांना शस्त्रक्रियेसाठी ही संस्था परदेशी पाठवते, त्यात भारतही आला. कानूच्या पैशांनी बरी झालेली पोरं आपल्याकडच्या रुग्णालयांतून हसत घरी गेली आहेत.

१३. कर्णधाराने पट्टा काढून दिला

बार्सिलोनाच्या एरिक अबिदालच्या यकृतातली गाठ १७ मार्च २०११ ला काढली. २८ मेला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो पूर्ण वेळ खेळला. करंडक उचलायची वेळ आली तेव्हा कर्णधार पुयोलने दंडावरचा पट्टा काढून त्याला बांधला: तू उचल! पुढच्या वर्षी यकृताचं प्रत्यारोपण करावं लागलं. दाता त्याचाच चुलतभाऊ. एप्रिल २०१३ मध्ये अबिदाल पुन्हा मैदानात. भाऊबंदकीच्या गोष्टी ऐकून कंटाळलेल्यांनी ही चुलतभावाची गोष्ट जरूर सांगावी.

१४. एकोणिसाव्या मिनिटाला टाळ्या

अ‍ॅस्टन व्हिलाचा बल्गेरियन कर्णधार स्टिलियन पेट्रोव्ह याला मार्च २०१२ मध्ये रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. त्याच्या जर्सीचा क्रमांक १९. मग काय, दर सामन्यात १९वं मिनिट लागलं की स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायचं. घरच्या मैदानावर सुरू झालेली ही प्रथा पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांनीही उचलली. पेट्रोव्ह आजारातून सावरला.

१५. बुटावर शिवी

२०२२ मध्ये जर्मनीच्या बुंडेसलिगात एकाच वर्षी चार खेळाडूंना वृषणाचा कर्करोग निघाला. त्यातला एक डॉर्टमुंडचा सेबास्टियन हालर. दोन शस्त्रक्रिया, केमोथेरपी, आणि जानेवारी २०२३ मध्ये परत. पायात खास बूट, त्यावर कर्करोगाला इंग्रजीत सणसणीत शिवी! पुनरागमनानंतरचा पहिला लीग गोल ४ फेब्रुवारीला, म्हणजे नेमका जागतिक कर्करोग दिनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात आयव्हरी कोस्टचा विजयी गोलही त्याचाच. हा आजार तरुण पुरुषांत दिसतो आणि लवकर कळला तर बहुतेक जण बरे होतात. पण ‘तिथे’ गाठ लागली तर आपल्याकडची पोरं दोस्तालाही सांगत नाहीत. लाज सोडा, डॉक्टर गाठा.

१६. इन्सुलिन घेऊन सहा वेळा युरोपचा राजा

रेआल माद्रिदचा नाचो फर्नांडेस. बाराव्या वर्षी टाइप १ मधुमेह निघाला आणि एका डॉक्टरने सांगितलं, फुटबॉल संपला. दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं, उलट खेळलंच पाहिजे. पोराने दुसऱ्याचं ऐकलं. २०२४ मध्ये कर्णधार म्हणून करंडक उचलला तेव्हा त्याच्या नावावर सहा चॅम्पियन्स लीग होत्या. शाळेत कुणाला ‘शुगर’ असेल तर त्याला खेळाच्या तासाला झाडाखाली बसवू नका. साखर मोजायची, खिशात गोड काहीतरी ठेवायचं आणि मैदानात उतरायचं.

१७. रुमालाची किंमत

लहानपणी मेस्सीच्या अंगात वाढीचं संप्रेरक कमी पडत होतं. रोजची इंजेक्शनं महाग होती. बार्सिलोनाने उपचारांची जबाबदारी घेतली. डिसेंबर २००० मध्ये त्याला घेण्याचं वचन लिहिलं गेलं ते कागदी रुमालावर. मे २०२४ मध्ये तो रुमाल लिलावात ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना गेला.

१८. डेन्व्हरची हवा आणि रायन क्लार्क

आता आपल्या जिल्ह्याच्या जवळची गोष्ट, जरी घडली अमेरिकेत आणि तिथल्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये. पिट्सबर्ग स्टीलर्सचा रायन क्लार्क सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक विकाराचा वाहक. रुग्ण नव्हे, वाहक, एरवी तगडा. २००७ मध्ये डेन्व्हरला सामना झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच, हवेत प्राणवायू विरळ. सामन्यानंतर क्लार्क वेदनेने तळमळू लागला. अखेर प्लीहा काढावी लागली, पित्ताशयही गेलं. तरी पठ्ठ्या परतला आणि २००९ मध्ये सुपर बोल जिंकला! जानेवारी २०१२ मध्ये पुन्हा डेन्व्हरलाच बाद फेरीचा सामना. क्लार्क तयार होता, पण प्रशिक्षक माइक टॉमलिन म्हणाले, तू बसायचं. संघ जादा वेळेत हरला. टॉमलिन यांना त्याचा पश्चात्ताप झाल्याचं कधी ऐकिवात नाही.

१९. तोरणमाळला भिऊ नका, पण पाणी प्या

आपलं तोरणमाळ साधारण १,१५० मीटरवर, म्हणजे डेन्व्हरपेक्षा बरंच खाली. वाहक पोराने तिथे जाऊ नये असं अजिबात नाही. मात्र उंची हा एकच धोका नसतो. अंगातलं पाणी आटणं, उन्हाचा कडाका आणि सवय नसताना एकदम जीव तोडून पळणं, हे तीन मिळाले की वाहकालाही त्रास होऊ शकतो. आणि या तिन्हींसाठी डेन्व्हरला जावं लागत नाही. एप्रिलमधली रनाळ्याची दुपार पुरेशी आहे. अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंची सिकल सेल चाचणी २०१० पासून होते, ती कुणाला संघातून काढण्यासाठी नव्हे, तर सराव कसा घ्यायचा हे कळावं म्हणून.

२०. परीक्षानळीमागच्या काळ्या रेघा

नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकल सेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मग सांधे-पोट-पाठ असह्य दुखतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची जेमतेम १० ते २०. पहिली चाचणी पाहण्यासारखी असते. बोटातून घेतलेलं रक्त नळीतल्या द्रावणात टाकतात, थोडा वेळ थांबतात आणि नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदापुढे धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर बिनघोर. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. त्यात वाहक की रुग्ण ते ठरतं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५०, आणि दोन्ही नसण्याची २५. म्हणून लग्न जमवताना पत्रिकेआधी सिकल सेलचं कार्ड मांडावं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं आहेत. खेळायचं किती आणि कसं, ते त्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं. वाहकाने मात्र बिनधास्त खेळावं, बाटली भरलेली ठेवून.

२१. गोव्याच्या दहा नंबरची जर्सी

५ डिसेंबर २००४, बंगळुरूत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो पडला आणि उठला नाही. डेम्पोने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. मैदानाशेजारी काय काय हवं, हा प्रश्न भारतीय फुटबॉलला त्या दिवशी फार महागात कळला.

चटकन पाठ करा

● पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, इतरांपेक्षा लवकर धाप लागणं: तिन्हींपैकी एक जरी असलं तरी आधी ईसीजी, मग फुटबॉल.

● कुणी टक्कर न होता कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही? १०८ ला फोन लावा. तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसू नका.

● छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल. झटका द्यायला उशीर झाला की दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत हात थांबवायचे नाहीत. दमलात तर दुसऱ्याने घ्यावं. फुटबॉलमध्ये बदली खेळाडू असतोच.

● सिकल सेलची चाचणी आरोग्य केंद्रात. निकाल खेळाच्या सरांनाही सांगा.

● घामाच्या धारा लागल्या असताना ‘मला पाणी हवंय’ म्हणणाऱ्या पोराला नाजूक म्हणणारा प्रशिक्षक बदला.

वर ज्यांची नावं आली त्यांतले बहुतेक परत खेळले, कारण आजार वेळेत हाती लागला आणि मग कुणी ना कुणी, डॉक्टर, न्यायाधीश, प्रशिक्षक किंवा चुलतभाऊ, त्याच्याबरोबर कसं जगायचं ते त्यांच्याशी बसून ठरवलं. रनाळ्याच्या संघाला जर्सी कुठल्या रंगाची घ्यायची यावर वाद घालायला उभा जन्म आहे. त्याआधी एक दिवस काढा आणि अख्ख्या टीमला तपासणीला नेऊन आणा.